रडणाऱ्या वाचकांची गोष्ट

कादंबरी वाचता वाचता कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं की घरातल्या बाकीच्यांना हसू येतं. हसणारी माणसं वाईट असतात असं नाही, पण "अगं, खोटं असतं ते सगळं!" हे वाक्य मराठी घरात पुस्तकं वाचणाऱ्या प्रत्येक बाईने एकदा तरी ऐकलेलं असतं. माझ्या आईने ऐकलं, मी ऐकलं, आणि अलीकडे माझ्या नातीने ऐकलं. तिच्या हातात तेव्हा कॉलीन हूव्हर या अमेरिकन लेखिकेची 'इट एंड्स विथ अस' ही कादंबरी होती. नातीचे डोळे सुजेपर्यंत तिला रडवणारं असं त्यात आहे तरी काय, या कुतूहलाने मी ती मागून घेतली. माझं इंग्रजी कामापुरतं, त्यामुळे शब्दकोश शेजारी ठेवून, रोज थोडी थोडी करत बऱ्याच दिवसांनी संपवली.

आता मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे एक खोड लागली आहे. काहीही नवीन दिसलं की हे पूर्वी कधी आणि कुठे झालं होतं, ते शोधत बसायचं. कादंबरी वाचून रडणाऱ्यांचाही इतिहास आहे मंडळी, आणि तो पावणेतीनशे वर्षांचा आहे! तोच आज सांगायचा आहे. पण तो सांगण्याआधी ही आजची कादंबरी थोडक्यात सांगावी लागेल. (ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल सोडून द्यावेत.)

कादंबरी २०१६ साली आली. तेव्हा ती बऱ्यापैकी चालली, पण खरी गाजली ती चार-पाच वर्षांनंतर. टिकटॉकवर (आपल्याकडे त्याच्यावर २०२० सालीच बंदी आली) पुस्तकवेड्या मुली स्वतःची चित्रफीत काढून टाकायच्या. पुस्तक हातात घेतानाचा हसरा चेहरा आधी, आणि संपवल्यानंतरचा रडवेला नंतर. ते पाहून दुसरी मुलगी पुस्तक आणायची. असं करत करत २०२२ साली ही जुनी कादंबरी न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्या नंबरावर जाऊन बसली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला.

गोष्ट लिली नावाच्या मुलीची. तिचे वडील आईला मारायचे. ते गेल्यावर अंत्यविधीला त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला लिली उभी राहते आणि तिला एकही शब्द सुचत नाही. पुढे बॉस्टनमध्ये ती फुलांचं दुकान काढते. राईल नावाचा एक देखणा, हुशार, मेंदूचा सर्जन तिच्या प्रेमात पडतो. आणि मग एके दिवशी तो तिच्यावर हात उचलतो. लगेच रडतो, माफी मागतो. ती माफ करते, लग्न होतं. पुन्हा तेच. पुन्हा माफी. वाचणाऱ्याची गंमत अशी होते की आपल्यालाही तो आवडलेला असतो! आपणही मनात म्हणत असतो, एवढा चांगला मुलगा, चुकलं असेल, सुधारेल. शेवटी लिलीला मुलगी होते. ती नवऱ्याला विचारते, उद्या आपल्या मुलीने येऊन सांगितलं की तिचा माणूस तिला मारतो, तर तू तिला काय सांगशील? त्याचं उत्तर त्याच्या तोंडूनच येतं, आणि ती वेगळी होते. पुस्तकाच्या शेवटी लेखिकेने लिहिलं आहे की ही गोष्ट तिच्या आईवरून सुचली. तिच्या आईने मारकुट्या नवऱ्याला सोडलं तेव्हा लेखिका अगदी लहान होती.

तर मंडळी, हे वाचताना मला सारखी आठवत होती ती १७४८ सालची एक इंग्रज बाई.

झालं असं की लंडनमध्ये सॅम्युअल रिचर्डसन नावाचा एक छापखानेवाला होता. पन्नाशी गाठल्यावर त्याला कादंबरी लिहायची बुद्धी झाली. १७४० साली त्याची 'पामेला' आली आणि तुफान गाजली. त्यानंतर १७४७-४८ मध्ये 'क्लॅरिसा' आली. ती सात भागांत, थांबत थांबत छापली गेली. सगळी कादंबरी म्हणजे पात्रांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं. क्लॅरिसा ही श्रीमंत घरातली गुणी मुलगी. घरचे तिला एका नावडत्या, पैसेवाल्या माणसाच्या गळ्यात बांधायला निघालेले असतात. त्या जाचातून सुटायला ती लव्हलेस नावाच्या रुबाबदार, बोलघेवड्या तरुणाच्या भरवशावर घर सोडते. तो तिला फसवून ठेवतो आणि शेवटी गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. मग सगळं जग तिला एकच सांगतं, आता त्याच्याशी लग्न करून टाक! तिची जिवाभावाची मैत्रीणसुद्धा हेच म्हणते. क्लॅरिसा म्हणते, नाही. आणि त्या नकारातच ती झिजून मरते.

हे "झालं ते झालं, आता त्याच्याशीच लग्न कर" आपल्याला नवीन आहे का? अजूनही वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात. असो.

कादंबरीचे पहिले चार भाग आले होते, शेवटचे तीन यायचे होते. एवढ्यात वाचकांमध्ये कुजबूज सुरू झाली की क्लॅरिसा मरणार आहे. लँकेशायरमधल्या लेडी ब्रॅडशे नावाच्या एका बाईला ते सहन होईना. चांगल्या खानदानी घरातली, लग्न झालेली, चाळिशीची बाई. पण तिने खोटं नाव घेऊन रिचर्डसनला पत्र लिहिलं, की कृपा करून हिला मारू नका. मोठ्या घरच्या बाईने एका छापखानेवाल्याला, कादंबरीतल्या मुलीसाठी पत्र लिहावं ही त्या काळी शोभणारी गोष्ट नव्हती, म्हणून ती लपवाछपवी. पत्र, उत्तर, पुन्हा पत्र असा सिलसिला सुरू झाला. रिचर्डसन बधला नाही. डिसेंबर १७४८ मध्ये शेवटचे भाग आले आणि क्लॅरिसा मेली.

त्यानंतरचं ब्रॅडशेबाईचं पत्र प्रसिद्ध आहे. एकटी असताना पुस्तक घेते, दोन ओळी वाचते, खाली ठेवते, खोलीत येरझारा घालते, डोळे पुसते, पुन्हा घेते, पुन्हा भिरकावते, असं तिने लिहिलं आहे. रात्री झोप लागत नाही, मध्येच रडू फुटतं. नवरा बिचारा विनवतो, नको वाचूस बाई ते! किती आसवं गाळली त्याचं मापसुद्धा तिने दिलं आहे, जवळजवळ एक पाइंट, म्हणजे आपल्या हिशेबाने अर्धा लिटरच्या वर! हा विनोद तिने स्वतःच स्वतःवर केलेला आहे, हे लक्षात घ्या. रडणाऱ्या माणसाला आपण रडतोय हे कळत असतं. पुस्तकातलं माणूस खरं नाही हेही कळत असतं. "खोटं असतं ते" असं सांगणाऱ्याने तिला काहीच नवीन सांगितलेलं नसतं.

पण मला खरी चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. या बाईला नेमका कुठला शेवट हवा होता? लव्हलेसला शिक्षा व्हावी, क्लॅरिसा सुटावी, असा? नाही. तिला हवं होतं की लव्हलेस सुधारावा आणि क्लॅरिसाने त्याच्याशी लग्न करावं! ती एकटीच नव्हती. पुष्कळ वाचकांना, विशेषतः बायकांना, लव्हलेस आवडला होता. रिचर्डसन हबकलाच. आपण खलनायक रंगवला आणि लोक त्याला जावई करून घ्यायला निघालेत! पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्याने तळटीपा घातल्या, मजकूर वाढवला, का तर लव्हलेस किती वाईट आहे हे वाचकांच्या डोक्यात शिरावं म्हणून. उधळ्या आणि बाईलवेडा माणूस सुधारला की उत्तम नवरा होतो, अशी एक समजूत तेव्हा इंग्लंडात होती, आणि ती खोडून काढायचीच या हट्टाने त्याने ही कादंबरी लिहिली होती.

ब्रॅडशेबाई मात्र शेवटपर्यंत भांडत राहिली. तिची 'क्लॅरिसा'ची प्रत अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जपून ठेवलेली आहे. तिच्या समासात तिने आपली मतं लिहून ठेवली आहेत, आणि रिचर्डसननेही त्याच समासात काही ठिकाणी तिला उत्तरं दिली आहेत. तिच्या बहिणीने तर त्याच्याही पुढे जाऊन कादंबरीचा वेगळा शेवट स्वतः लिहून काढला. त्यात तो अत्याचार होतच नाही आणि लव्हलेसला पश्चात्ताप होतो. या भांडणातूनच ब्रॅडशेबाई आणि रिचर्डसन यांची घट्ट मैत्री झाली. भेटायचं ठरलं तेव्हा मी कसा दिसतो, कसा चालतो, हे त्याने पत्रात लिहून कळवलं, म्हणजे बागेत फिरताना तिने ओळखावं. ती १७५० मध्ये लंडनला आली, तिने त्याला दुरून पाहून घेतलं आणि आपली ओळख नंतर सावकाश दिली. आजकालच्या मुलांना हे ओळखीचं वाटेल!

आता थोडा विचार करा. एका शहाण्यासुरत्या बाईला असा शेवट का हवासा वाटावा? तो काळ पाहा. इंग्लंडच्या कायद्यात लग्नानंतर बाईला नवऱ्यापासून वेगळं कायदेशीर अस्तित्वच नव्हतं. ब्लॅकस्टनच्या १७६५ च्या प्रसिद्ध ग्रंथात ते स्वच्छ शब्दांत मांडलेलं आहे. तिचा पैसा त्याचा, मुलं त्याची. घटस्फोट म्हणाल तर त्यासाठी पार्लमेंटात स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, आणि तो बहुतेक करून पुरुषांनाच मिळे. अशा जगात बाईपाशी आशा एकच उरते, तो सुधारेल. दुसरं दारच नाही. ब्रॅडशेबाईचा स्वतःचा नवरा चांगला होता असं पत्रांवरून दिसतं. पण ती एकटीसाठी रडत नव्हती. ज्या आशेवर तिच्या भोवतालच्या सगळ्या बायका दिवस काढत होत्या, ती आशाच रिचर्डसनने काढून घेतली, म्हणून ती रडली असावी. निदान मला तरी असं वाटतं.

रिचर्डसन १७६१ मध्ये वारला. आणि योगायोग असा की त्याच वर्षी फ्रान्समध्ये रडण्याची दुसरी लाट आली. रूसोची 'जूली' प्रसिद्ध झाली. हीसुद्धा पत्रांचीच कादंबरी. जिनिव्हाच्या सरोवराकाठची सरदाराची मुलगी जूली आणि तिला शिकवायला येणारा गरीब शिक्षक यांचं प्रेम. बाप तिचं लग्न दुसरीकडे लावतो, ती संसार नेटाने करते आणि शेवटी पाण्यात पडलेल्या आपल्या मुलाला वाचवताना आजारी होऊन मरते. पुस्तकाला एवढी मागणी आली की पॅरिसचे पुस्तकवाले ते दिवसाच्याच काय, तासाच्या भाड्याने देऊ लागले. एक सरदारीण नाचाच्या समारंभाला जायला नटूनथटून बसली, गाडी जुंपायला सांगितली आणि तोवर म्हणून पुस्तक हातात घेतलं. पहाटेचे चार वाजले तरी गाडी तशीच उभी! शेवटी घोडे सोडायला सांगून तिने उरलेली रात्र वाचनातच काढली. हा किस्सा खुद्द रूसोने आपल्या आत्मचरित्रात मोठ्या कौतुकाने सांगितला आहे.

रूसोला वाचकांची पत्रांवर पत्रं आली. अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट डार्न्टन यांनी ती पत्रं अभ्यासून १९८४ च्या आपल्या पुस्तकात त्यांच्यावर एक सुंदर प्रकरण लिहिलं. लिहिणाऱ्यांत सरदार होते, व्यापारी होते, पाद्री होते, सैन्यातले अधिकारी होते, म्हणजे रडण्यात पुरुषही काही मागे नव्हते. बहुतेकांचा प्रश्न एकच, जूली खरंच होऊन गेली का? ला रोशेल गावचा एक व्यापारी तर रूसोची पुस्तकं आयुष्यभर मागवत राहिला आणि आपला संसार, मुलांचं संगोपन, सगळं त्यातल्या विचारांवर बेतत राहिला. जूली खरी होती का, असं विचारणारी ही माणसं काही खुळी नव्हती. त्यांना विचारायचं असायचं, की हे जे माझ्या पोटात होतंय ते जगात आणखी कुणाला होतं का?

पुढे १७७४ मध्ये गटेची 'वेर्थर' आली. दुसऱ्याच्या वाग्दत्त वधूवर प्रेम करून जीव देणाऱ्या तरुणाची गोष्ट. तिच्या नायकासारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून पोरं हिंडू लागली. लाइपझिग शहराने १७७५ मध्ये त्या पुस्तकावर आणि त्या पोशाखावरसुद्धा बंदी घातली. पुस्तक वाचून कुणी जिवाचं बरंवाईट करून घेईल ही धास्ती होती, आणि ती अगदी निराधार नव्हती. म्हणजे पुस्तकामुळे आलेलं रडू नेहमी निरुपद्रवीच असतं असं मी म्हणणार नाही. नुसतं रडवणारं पुस्तक आणि रडवून पुढचा रस्ता दाखवणारं पुस्तक यात फरक आहे.

या सगळ्यावर सगळ्यात कडक टीका कुणी केली असेल? रूसोनेच! 'जूली' येण्याच्या तीन वर्षं आधी, १७५८ मध्ये, त्याने नाटकांविरुद्ध एक लांबलचक पत्र प्रसिद्ध केलं होतं. त्यात त्याचा मुद्दा असा, की रंगभूमीवरच्या दुःखासाठी रडून माणसाला वाटतं आपलं कर्तव्य झालं. आसवं फुकटात गाळता येतात, त्यासाठी खिशात हात घालावा लागत नाही, कुणासाठी उठावं लागत नाही. त्यामुळे नाटकात रडणारा माणूस बाहेर येऊन कोरडाच राहतो. मुद्दा बिनतोड आहे. आणि तो मांडणाऱ्या रूसोने आपली पाचही मुलं अनाथालयात सोडली होती, हेही इतिहासात नोंदलेलं आहे. त्याच्याइतका या मुद्द्याचा दाखला दुसरा कोण देणार?

याच्या उलट बाजूने लिन हंट या इतिहासकार बाईंनी २००७ मध्ये एक पुस्तक लिहिलं. माणसाचे हक्क नावाची कल्पना अठराव्या शतकात लोकांना एकदम स्वयंसिद्ध का वाटू लागली, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं म्हणणं, 'पामेला', 'क्लॅरिसा', 'जूली' अशा कादंबऱ्यांचा त्यात वाटा आहे. मोलकरीण असो, फसवली गेलेली मुलगी असो, तिलाही आपल्यासारखंच आतलं मन आहे, हे वाचकांनी पहिल्यांदाच पानोपानी अनुभवलं. सगळ्याच इतिहासकारांना हे पटलेलं नाही. कारण हे सारं वाचून रडणाऱ्या त्याच युरोपची जहाजं आफ्रिकेतून गुलाम भरभरून नेत होती. ज्या ला रोशेल गावात तो रूसोभक्त व्यापारी राहत होता, ते त्या व्यापाराचं एक बंदरच होतं.

मग खरं काय? मला वाटतं दोन्ही. रडणं ही नुसती सुरुवात असते. तिथेच थांबलं तर रूसो खरा, पुढे गेलं तर हंटबाई खऱ्या.

आपल्याकडच्या शास्त्रकारांना हा प्रश्न फार आधी पडलेला होता. करुणरसात दुःखच आहे, तर लोक तो का चाखतात? त्यांनी साधारणीकरणाची कल्पना मांडली. ते दुःख ना त्या पात्राचं एकट्याचं उरतं ना माझं एकटीचं, ते सगळ्यांचं होतं. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात 'सविकल्प समाधी' हा शब्द वापरला. वाचक पात्राशी एकरूपही होतो आणि स्वतःचा स्वतः राहतोही. बी.ए.ला हे घोकून परीक्षेत लिहिलं होतं. त्याचा अर्थ ब्रॅडशेबाईचं पत्र वाचल्यावर नीट कळला! आणि गंमत पाहा, 'कादंबरी' हा आपला शब्दच मुळी एका प्रेमकथेच्या नायिकेचं नाव आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने लिहायला घेतलेली आणि त्याच्यामागे त्याच्या मुलाने पुरी केलेली ती 'कादंबरी'.

मराठीत 'क्लॅरिसा'च्या तोडीचा चटका लावणारी कादंबरी कुठली म्हणाल, तर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ही क्रमशः येऊ लागली. यमू स्वतः आपली हकिगत सांगते आहे, अशी मांडणी. आपण ती विधवेची करुण कहाणी म्हणून लक्षात ठेवतो, पण तिचा मधला भाग चक्क प्रेमकथा आहे. मुंबईतल्या बिऱ्हाडात रघुनाथराव आणि यमू यांचा जो नवा संसार आहे, त्यात त्याचं तिला शिकवणं आहे, तिचं फुलणं आहे, दोघांच्या गप्पा आहेत. ते सुख आधी इतकं गोड करून दाखवलं आहे, म्हणूनच पुढे नवरा गेल्यावर शंकरमामंजींच्या घरी तिच्या केसांवर फिरणारा वस्तरा वाचणाऱ्याच्या काळजावर फिरतो.

आता ती वर्षं पाहा. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, पण कागदावर. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं, १८९० मध्ये ते पुण्याला आणलं. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ मध्ये पुणं पेटलेलं होतं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी शारदासदनातल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, आणि १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था काढली. हे सगळं यमूमुळे झालं असं मी म्हणत नाही, इतिहासाच्या शिक्षिकेने तसं म्हणूही नये. पण एकीकडे सभांतून वाद चालला असताना, जी माणसं सभेला जात नव्हती त्यांच्या माजघरात यमू दर आठवड्याला जाऊन बोलत होती. शास्त्रार्थावर वाद घालता येतो. "बघा, माझं असं झालं" यावर काय वाद घालणार?

इथे माझ्या एका मावशीबद्दल लिहिते. तिला जाऊन आता खूप वर्षं झाली. ती गावच्या वाचनालयातून ना. सी. फडके, खांडेकर यांच्या कादंबऱ्या आणायची. वर्तमानपत्राचं कव्हर घालून, पोथीसारखी दिसेल अशी ठेवायची. फडक्यांवर तेव्हाचे विद्वान लोक तुटून पडायचे, की हे सगळं गुलाबी, खोटं, आयुष्यापासून पळ काढायला लावणारं. मावशी दुपारी सगळं आवरून ओटीच्या कोपऱ्यात वाचत बसायची आणि घळाघळा रडायची. काका तापट होते. 'तापट' हा शब्द आमच्या घरात फार मोठ्या कामासाठी वापरला जायचा. आम्ही पोरं मावशीला चिडवायचो. मी कॉलेजात गेल्यावर एकदा तिला विचारलं, तुला ठाऊक असतं ना हे खोटं आहे, मग एवढं कसं रडू येतं? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुस्तकातल्या बाईसाठी रडलं की कारण कुणी विचारत नाही गं."

पुढे कितीतरी वर्षं हे वाक्य माझ्या मनात होतं. तिलाही सगळे सांगायचे, होतील शांत, वय वाढलं की माणूस निवळतो. काका निवळले, पण ते पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्यावर. तोवर मावशीची साठी उलटली होती. तिच्यापाशी घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा नव्हता, माहेरी परतायची सोय नव्हती, आणि "हे माझ्यावर संपलं पाहिजे" असं म्हणणारी नायिकाही तिच्या पुस्तकांत तिला भेटली नव्हती. तिच्या वाट्याला रडायला एक कोपरा आला, एवढंच.

म्हणूनच आता हूव्हरबाईंच्या कादंबरीकडे मी नीट पाहते. तिच्यावर टीका पुष्कळ झाली. मारणाऱ्या नवऱ्याला इतका देखणा आणि प्रेमळ दाखवायचं म्हणजे मारण्याला गुलाबी रंग देणं, असं लोक म्हणाले. २०२३ च्या जानेवारीत या कादंबरीवर रंगवायचं पुस्तक काढायची घोषणा झाली, तेव्हा तर गहजब झाला आणि ते मागे घ्यावं लागलं. तो गहजब योग्यच होता असं माझं मत आहे. भाषेच्या दृष्टीनेही ही कादंबरी 'क्लॅरिसा'च्या जवळपास बसणारी नाही. पण तो माणूस आवडण्याजोगा दाखवला म्हणून दोष देणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं, की खऱ्या आयुष्यातही तो असाच असतो. चार लोकांत हसतमुख, पोरांना खाऊ आणणारा. तो सदासर्वकाळ राक्षस असता तर "सुधारेल" ही आशाच कुणी धरली नसती. लव्हलेस तसाच होता, राईल तसाच आहे आणि काकाही तसेच होते. आम्हा मुलांना ते फार आवडायचे.

फरक आहे तो शेवटात. रिचर्डसनने १७४८ मध्ये आपल्या वाचकांना "तो सुधारेल" ही आशा द्यायचं नाकारलं, पण क्लॅरिसाला जगण्याचा रस्ता काही तो देऊ शकला नाही. मरण हाच तिचा सुटण्याचा मार्ग. हरिभाऊही यमूला वाचवू शकले नाहीत, कारण त्यांच्या काळात तसं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. आजच्या लिलीला मात्र दार उघडून बाहेर पडता येतं, तिचं दुकान आहे, कायदा आहे, मैत्रीण आहे, आई आहे. ती लेकीला घेऊन बाहेर पडते आणि जिवंत राहते. कादंबरीने पावणेतीनशे वर्षांत एवढं अंतर कापलं, हे काही थोडं नव्हे. आणि ते तिने एकटीने कापलेलं नाही, मधल्या सगळ्या रडणाऱ्या बायकांनी आणि त्यांतल्या उठून काहीतरी करणाऱ्यांनी मिळून कापलं आहे.

तेव्हा मंडळी, घरात कुणी पुस्तक वाचून रडत असेल तर हसू नका. "खोटं असतं ते" असंही म्हणू नका, ते तिला माहीत असतं. थोडा वेळ जाऊ द्या, चहा करा, आणि सहज विचारा की गोष्टीत काय झालं. ती नायिकेबद्दल बोलू लागेल. बोलू द्या. नुसतं नायिकेबद्दलच बोलत असेल तर उत्तमच, एक चांगली गोष्ट ऐकायला मिळाली. आणि मध्येच ती बोलायची थांबली, तर उठून जाऊ नका. हरिभाऊंनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या कादंबरीला नाव म्हणून जो प्रश्न दिला, त्याचं उत्तर त्या वेळी तरी आपल्याला देता आलं पाहिजे.